सूक्ष्मदर्शक सगळ्यांचा, जबाबदारी कोणाची?

एखाद्या संशोधन संस्थेत नवा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक येणार म्हटलं की पहिली चर्चा पैशांची होते. किंमत कोटींत, सुटे भाग परदेशातून येणार, एकट्या प्रयोगशाळेला परवडणार नाही; म्हणून तो सामाईक ठेवायचा, बुकिंगची वही घालायची, तासाचा दर ठरवायचा आणि सगळ्या विभागांनी आळीपाळीने वापरायचा. सामाईक इमेजिंग सुविधा म्हणजे काय, याचं आपल्याकडचं रूढ उत्तर इथेच संपतं. दिल्लीतल्या अधिकाऱ्यापासून नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकापर्यंत सगळे याच भाषेत बोलतात. त्यात खोटं काही नाही. पण हे उत्तर फार उथळ आहे आणि त्या उथळपणाची किंमत आपलं जैववैद्यकीय संशोधन मोजत आहे.

माझं म्हणणं असं की, खर्चाची बचत हा अशा सुविधेचा दुय्यम फायदा आहे. सूक्ष्मदर्शकातून निघालेलं चित्र पुरावा म्हणून टिकेल की नाही, हे त्या निष्कर्षात ज्याचा काही स्वार्थ नाही अशा जाणकाराने प्रयोगाच्या आधी आणि प्रयोग चालू असताना तपासणं, हे तिचं मुख्य काम आहे. ते यंत्राकडून होत नाही आणि पोर्टलकडूनही होत नाही. त्यासाठी कायम नेमणूक असलेला, संशोधकाच्या बरोबरीचा दर्जा असलेला इमेजिंग वैज्ञानिक लागतो. म्हणून अशी सुविधा उभारताना आधी माणूस नेमला पाहिजे आणि यंत्र कोणतं घ्यायचं हे त्याला विचारून ठरवलं पाहिजे. आपण नेमकं उलट करतो.

बचतीचा हिशेब कुठून आला

सामाईक उपकरणांची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकात ‘रिजनल सोफिस्टिकेटेड इन्स्ट्रुमेंटेशन सेंटर’ उभारायला सुरुवात केली. मुंबईच्या आयआयटीतलं केंद्र त्याच दशकातलं. पुढे या केंद्रांना ‘सैफ’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं. लहान गावांतल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या कितीतरी रसायनशास्त्रज्ञांचं संशोधन या केंद्रांमुळे शक्य झालं, याबद्दल कृतज्ञच असलं पाहिजे. कुपीत नमुना घालून पाठवायचा, सोबत फॉर्म आणि शुल्क, आणि काही दिवसांनी स्पेक्ट्रमचा कागद हातात. २०२० च्या जानेवारीत सुरू झालेलं ‘आय-स्टेम’ पोर्टल आणि २०२२ मध्ये आलेली ‘श्रीमान’ ही उपकरण-सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं यांच्या मुळाशी हाच विचार आहे: देशात यंत्रं आहेत, ती पडून राहू नयेत, ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचावीत.

या विचारात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. उत्तर नमुन्यात आहे, यंत्र ते वाचून दाखवेल. संयुगाच्या स्पेक्ट्रमबाबत हे बऱ्याच अंशी खरं आहे. तिथेही कौशल्य लागतंच, पण दोन चांगल्या केंद्रांत तोच नमुना दिला तर शिखरं त्याच जागी येतात. पेशींच्या चित्राचं तसं नाही. पेशी कशाने स्थिर केल्या, कोणतं प्रतिपिंड लावलं, कोणता ऑब्जेक्टिव्ह निवडला, लेसर किती ठेवला, डिटेक्टरचा गेन किती, पेशीच्या कोणत्या पातळीवर फोकस केला, शंभरांतल्या कोणत्या दहा पेशी टिपल्या, या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. त्यातला एक बदलला तरी चित्र बदलतं. नमुना पोस्टाने पाठवता येतो, हे निर्णय पाठवता येत नाहीत. स्पेक्ट्रोमीटरसाठी बेतलेली व्यवस्था आपण सूक्ष्मदर्शकाला जशीच्या तशी लावली आहे, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात.

चित्र हे मोजमाप आहे

सूक्ष्मदर्शकातलं चित्र सुंदर असतं आणि डोळ्यांना लगेच पटतं. म्हणूनच त्याच्याबाबत जास्त सावध राहायला हवं. आलेखातल्या बिंदूवर आपण शंका घेतो, एरर बार मागतो. काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेल्या पेशीला मात्र आपण ‘दिसतंय ना’ म्हणून सोडून देतो.

१८७३ मध्ये एर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिलं की प्रकाशाच्या लहरींमुळे सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेला एक मर्यादा पडते. दृश्य प्रकाशासाठी ती साधारण २०० नॅनोमीटर. खोलीच्या दिशेने ती आणखी सैल, ५०० नॅनोमीटरच्या पुढे. मध्यम आकाराचं प्रथिन पाचेक नॅनोमीटरचं असतं. म्हणजे चाळीस प्रथिनं रांगेत उभी केली तरी साध्या कॉन्फोकलला तो एकच ठिपका दिसणार.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते जवळून बघू. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी स्लाईडचा डबा घेऊन येते. दोन प्रथिनं पेशीत एकमेकांना बिलगून काम करतात, असं तिच्या गाईडचं गृहीतक आहे. एकाला हिरवा रंग लावला आहे, दुसऱ्याला लाल. पडद्यावर दोन्ही चित्रं एकावर एक आली की जागोजागी पिवळं दिसतं. जिथे सुविधा म्हणजे नुसती खोली असते, तिथे ती हे चित्र साठवते, दोन तासांचं शुल्क वहीत लिहिते आणि जाते.

जिथे जाणता माणूस बसलेला असतो, तिथे तो आधी लाल रंगाला उत्तेजित करणारा लेसर बंद करतो. फक्त हिरव्याचा लेसर चालू ठेवून लाल डिटेक्टरमध्ये काय येतं ते बघतो. तिथेही फिकट ठिपके दिसतात, अगदी हिरव्याच्याच जागी. म्हणजे हिरव्याचा प्रकाश लालच्या खात्यात गळतो आहे आणि पिवळ्याचा काही भाग या गळतीचा आहे. मग तो तिच्याकडे फक्त एकाच रंगाने रंगवलेली स्लाईड मागतो. ती तिने बनवलेलीच नसते. तो सॅच्युरेशनची खूण चालू करतो, तर पेशीचा मोठा भाग त्या खुणेच्या रंगाने भरून जातो. आठ बिटच्या चित्रात २५५ ही शेवटची पायरी; त्या भागात प्रथिन दुप्पट असो की दहापट, आकडा तोच येणार. शेवटी तो कव्हरस्लिपचं खोकं बघायला मागतो. ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर ०.१७ असं कोरलेलं असतं, कारण भिंग तेवढ्या मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी घडवलेलं आहे. प्रयोगशाळेत सर्रास येणारी ‘नंबर वन’ काच त्याहून पातळ असते. ‘नंबर दीड’ मागवावी लागते आणि ते कोणीतरी सांगावं लागतं.

यात विद्यार्थिनीची लबाडी नाही, आळसही नाही. तिचं गृहीतक कदाचित बरोबरही असेल. पण त्या चित्राने ते तपासलेलं नव्हतं. आणि सगळं नीट केल्यावरही पिवळा ठिपका एवढंच सांगतो की दोन प्रथिनं २०० नॅनोमीटरच्या टापूत आहेत. ती एकमेकांना स्पर्श करतात का, हे कळायला वेगळा प्रयोग लागतो. हे वाक्य तिला पहिल्या वर्षी ऐकायला मिळालं असतं, तर दोन वर्षांची दिशा वेगळी झाली असती.

गाईड आणि सीनियर का पुरत नाहीत

यावर कोणी म्हणेल, हे शिकवणं गाईडचं काम आहे. आहेच. पण दोन कारणांनी ते त्याच्यावर सोडून चालत नाही. पहिलं, निष्कर्षात त्याचा वाटा आहे. प्रबंध, ग्रँट, बढती हे सगळं त्या पिवळ्या ठिपक्यांवर अवलंबून असतं, आणि प्रामाणिक माणसाचीही नजर त्याला हव्या असलेल्या गोष्टीकडे वळते. दुसरं, बहुतेक गाईड सूक्ष्मदर्शकावर शेवटचे स्वतः बसले त्याला वर्षं लोटलेली असतात, आणि तंत्र तर थांबलेलं नाही. हिरव्या प्रदीप्त प्रथिनाला २००८ चं नोबेल मिळालं, आबेंची मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतींना २०१४ चं, क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीला २०१७ चं. एका दशकात तीन नोबेल मिळालेल्या क्षेत्रात स्वतःचा विषय सांभाळून अद्ययावत राहणं कोणाही गाईडला जड जाईल.

राहिले प्रयोगशाळेतले सीनियर. ते जे शिकवतात ती सवय असते: गेन इतका ठेव, हे बटण दाब, ते दाबू नकोस. ती सवय एका जुन्या प्रतिपिंडासाठी कोणीतरी बसवलेली असते आणि विचार न होता पिढी दर पिढी पुढे जाते.

इमेजिंग वैज्ञानिकाकडे या दोघांकडेही नसलेली एक गोष्ट असते. तो वीस प्रयोगशाळांचं काम बघतो. त्याच कंपनीच्या त्याच प्रतिपिंडाने तीन ठिकाणी केंद्रकात खोटी चमक दिली, हे एकट्या त्यालाच दिसू शकतं. मेंदूच्या कापांवर काम करणाऱ्याची अडचण कर्करोगाच्या गाठींवर काम करणाऱ्याने गेल्याच महिन्यात सोडवली आहे, हे त्याला माहीत असतं. संस्थेत ही स्मृती दुसऱ्या कुठल्या जागी साठतच नाही. सामाईक करण्यासारखी खरी मौल्यवान गोष्ट कोणती असेल, तर ती ही.

वैज्ञानिक चित्रांविषयी चर्चा होते तेव्हा ती बहुधा फसवणुकीची होते. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ शोधनिबंधांतली चित्रं डोळ्यांनी तपासली, आणि ३.८ टक्के निबंधांत एकच चित्र पुन्हा वापरल्यासारख्या सदोष आकृत्या सापडल्या. त्यातल्या निम्म्यांमध्ये तरी हेतुपुरस्सर फेरफाराची चिन्हं होती. हे गंभीर आहेच. पण २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकाने छापलेला दुसरा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. आठ नियतकालिकांतले २४० शोधनिबंध त्यात तपासले होते. चित्रं कशी घेतली याची माहिती बहुतेक ठिकाणी अपुरी, आणि काही निबंधांत तर ती अजिबात नव्हती. कोणता ऑब्जेक्टिव्ह, कोणते फिल्टर हेच लिहिलेलं नसेल, तर तो प्रयोग दुसऱ्या कोणाला परत करून बघता येणार नाही. इथे कोणी कोणाला फसवलेलं नाही. विचारणारं कोणी नव्हतं, एवढंच.

ही माहिती हरवते कशी, तेही सांगायला हवं, कारण हा दोष पाच मिनिटांत टाळता येतो. कंपनीच्या मूळ फाईलमध्ये ऑब्जेक्टिव्ह, गेन, पिनहोल, पिक्सेलचा आकार, तारीख, वेळ सगळं आपोआप नोंदलेलं असतं. विद्यार्थी घाईत असतो, मूळ फाईल मोठी असते, पेनड्राईव्ह लहान असतो. तो जेपीईजी करून नेतो. त्या क्षणी चित्राबरोबरची सगळी नोंद गळून पडते, वर जेपीईजी स्वतः आकड्यांत फेरफार करतं ते वेगळंच. मूळ फाईल संस्थेच्या सर्व्हरवर गेल्याशिवाय सत्र संपवायचं नाही, असा नियम घालणारं आणि तो पाळला जातोय का ते बघणारं माणूस त्या खोलीत हवं.

यंत्र हळूहळू कसं खोटं बोलू लागतं

मोटार बंद पडली की सगळ्यांना कळतं. सूक्ष्मदर्शकाचं तसं होत नाही. तो बिघडला तरी चित्र देत राहतो.

सगळ्यात नेहमीचा अपघात तेलाचा. ६३एक्सचा ऑब्जेक्टिव्ह तेलात बुडवून वापरायचा असतो. तेलाचा अपवर्तनांक काचेएवढा, सुमारे १.५१५ असतो. काम झालं, स्लाईड न काढता कोणी टरेट फिरवून ४०एक्सच्या कोरड्या ऑब्जेक्टिव्हवर गेलं, की स्लाईडवरचं तेल त्याच्या पुढच्या भिंगाला लागतं. वापरणाऱ्याला कळतही नाही. पुढचा माणूस येतो, त्याला चित्र जरा धूसर वाटतं, तो लेसर वाढवतो. त्याच्या पेशींचा रंग लवकर विझतो, म्हणून तो गेन वाढवतो आणि गोंगाट वाढतो. आठवडाभर सगळे आपापल्या स्लाईडला दोष देत बसतात. तोवर तेल सुकून भिंगाच्या कडेला घट्ट बसलेलं असतं. ऑब्जेक्टिव्ह लाखांचा असतो. पण त्याहून मोठं नुकसान त्या आठवड्यात घेतलेल्या आकड्यांचं असतं, आणि ते कोणाच्याच हिशेबात येत नाही.

लेसरचं वय हा याहून शांत शत्रू आहे. फाईलमध्ये लेसर ‘२ टक्के’ असं लिहिलेलं असतं. कशाचे दोन टक्के? लेसर जुना होत जातो तशी स्लाईडवर पडणारी प्रत्यक्ष शक्ती कमी होते, टक्का मात्र तोच राहतो. जूनमध्ये घेतलेली निरोगी पेशींची चित्रं आणि डिसेंबरमध्ये घेतलेली आजारी पेशींची चित्रं शेजारी ठेवून ‘आजारात प्रथिन घटतं’ असं कोणी लिहिलं, तर कदाचित प्रथिन घटलेलं नसेल, लेसर उतरलेला असेल. पॉवर मीटर ऑब्जेक्टिव्हखाली धरून ठरलेल्या दिवशी आकडा नोंदवणं आणि १०० नॅनोमीटरच्या प्रदीप्त मण्यांचं चित्र घेऊन ठिपका गोल येतो की शेपटी काढतो ते बघणं, हाच यावरचा उपाय. काम फार अवघड नाही, पण ते दर आठवड्याला, कोणी बघत नसतानाही करावं लागतं. प्रकाश-सूक्ष्मदर्शकांच्या गुणवत्तेचे समान निकष ठरवण्यासाठी २०२० मध्ये जगभरचे वैज्ञानिक आणि कंपन्या ‘क्वारेप-लिमी’ या गटात एकत्र आल्या, त्या याच चिंतेपोटी. आपल्याकडच्या मुंबई-कोकणातल्या हवेत आणखी एक काम वाढतं. पावसाळ्यात वीज वाचवायची म्हणून रात्री एसी बंद केला, तर दमटपणाने भिंगांवर बुरशी धरते.

पद कुठे आहे?

इथपर्यंतचं म्हणणं बहुतेक संशोधक मान्य करतील. खाजगीत करतातही. मग व्यवस्था बदलत का नाही? कारण पैसा ज्या खात्यांतून येतो, त्यांत या माणसाला जागा नाही. ग्रँटमध्ये यंत्र ‘नॉन-रिकरिंग’ खात्यात बसतं. ते विकत घेता येतं, त्याचं उद्घाटन होतं, युटिलायझेशन सर्टिफिकेटवर त्याचा आकडा दिसतो. पहिली काही वर्षं वॉरंटी, पुढे वार्षिक देखभाल करारासाठी (एएमसी) दरवर्षी धावाधाव. माणूस मात्र प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून येतो, वर्षा-वर्षाच्या मुदतवाढीवर. यंत्राचे रुसवे-फुगवे त्याला उमगायला लागतात, तेवढ्यात प्रकल्प संपतो, किंवा त्याला सूक्ष्मदर्शक विकणाऱ्या कंपनीत ॲप्लिकेशन स्पेशालिस्टची नोकरी मिळते. त्यात त्याचं काही चुकत नाही. पुढचा उमेदवार पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरू करतो.

जिथे कायम पद असतं तिथे ते ‘तांत्रिक’ संवर्गात असतं. प्रोफेसरने ‘हा स्लॉट माझ्या विद्यार्थ्याला द्या’ म्हटलं की टेक्निशियनला नाही म्हणता येत नाही. मग ‘तुमच्या प्रयोगात कंट्रोल नाही’ हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? दर्जाचा आग्रह मी धरतो तो या कारणासाठी. नकार देण्याचा अधिकार नसेल, तर ज्ञान असूनही उपयोग नाही.

हे अशक्य नाही, याची उदाहरणं समोर आहेत. बंगळूरूच्या एनसीबीएसच्या आवारातल्या सेंट्रल इमेजिंग अँड फ्लो सायटोमेट्री फॅसिलिटीने प्रशिक्षणाची परंपरा उभी केली आणि तिथला मायक्रोस्कोपीचा अभ्यासक्रम देशभरच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. त्याच आवारात २०१७ मध्ये राष्ट्रीय क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी सुविधा सुरू झाली. युरोपात २०१९ पासून ‘युरो-बायोइमेजिंग’ला स्वतंत्र कायदेशीर दर्जा आहे. हायडेलबर्गला युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीने २०२२ मध्ये उघडलेलं इमेजिंग सेंटर बाहेरच्या संशोधकांना यंत्राबरोबर तिथल्या तज्ज्ञांची सोबतही देतं. अमेरिकेत चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्हने २०१९ मध्ये इमेजिंगसाठी पैसा दिला तेव्हा सामाईक केंद्रांत काम करणाऱ्या इमेजिंग वैज्ञानिकांच्या पदांना तो दिला. महाराष्ट्रातही पुण्याचं आयसर आणि एनसीसीएस, मुंबईचं टीआयएफआर, खारघरचं ॲक्ट्रेक इथे इमेजिंगच्या सुविधा आहेत आणि त्यांत मनापासून काम करणारी माणसं आहेत. प्रश्न त्यांच्या कुवतीचा नाही. त्यांच्यासारखी माणसं तयार होतील आणि टिकतील अशी शिडी देशात नाही, हा आहे.

आक्षेप, आणि त्यांची उत्तरं

*पैसा कुठून आणायचा?* हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा प्रामाणिक हिशेब करू. सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या पातळीचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपये. महागाई भत्ता, घरभाडं धरून वर्षाला बारा-तेरा लाख, आणि पुढे वाढत जाणारे. दहा वर्षांत ही रक्कम दीड कोटीच्या आसपास किंवा वर जाते. लहान नाही. एका चांगल्या कॉन्फोकलच्या किमतीत तिची तुलना होऊ शकते. म्हणून मी सरळच म्हणतो: दोन सूक्ष्मदर्शकांचा प्रस्ताव असेल तिथे एक सूक्ष्मदर्शक आणि एक माणूस घ्या. दोन आजारी यंत्रांपेक्षा एक निरोगी यंत्र जास्त आणि जास्त खरे निकाल देईल.

*संशोधक परावलंबी होतील.* उलट घडतं. नुसती बटणं दाबून देणारा ऑपरेटर परावलंबी करतो, हे खरं. शिकवणारा माणूस विद्यार्थ्याला तिसऱ्या सत्रानंतर एकटा सोडतो, कारण कुठे थांबून विचारायचं हे आता त्याला कळलेलं असतं.

*मोठे शोध एकट्यादुकट्याच्या ध्यासातून लागतात, सामाईक केंद्रांतून नव्हे.* या आक्षेपाचं आवडतं उदाहरण एरिक बेट्झिग यांचं. त्यांनी आणि हॅराल्ड हेस यांनी आबेंची मर्यादा ओलांडणारा आपला सूक्ष्मदर्शक हेस यांच्या ला होया इथल्या घराच्या दिवाणखान्यात जुळवला, ही गोष्ट खरी आहे. पण ती अर्धीच सांगितली जाते. ते यंत्र त्यांनी तिथून उचलून बेथेस्डाला, जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत नेलं. प्रकाशाने चालू करता येणारी प्रथिनं, पेशी आणि पेशींविषयीचे प्रश्न तिथे होते. यंत्र जाणणारे आणि जीवशास्त्र जाणणारे एका अंधाऱ्या खोलीत शेजारी बसले, तेव्हा २००६ चा तो शोधनिबंध झाला. चांगल्या इमेजिंग केंद्रात हा शेजार रोज असतो. तो योगायोगावर सोडावा लागत नाही.

*लहान महाविद्यालयांचं काय?* मला हा सगळ्यात जड आक्षेप वाटतो. नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या पॅथॉलॉजिस्टकडे रुग्णांच्या ऊतींचे असे नमुने असतात, जे पुण्या-मुंबईच्या संस्थांना कधी मिळणार नाहीत. पोर्टलवर त्याला यंत्राचं नाव आणि दर दिसतो. त्याला हवं असतं ते वेगळंच: ऊती किती तास फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची, किती जाड काप घ्यायचा, रंग कोणता लावायचा, आणि मुळात या प्रश्नाला कॉन्फोकल लागतो की साधा स्लाईड स्कॅनर पुरेल. जिवंत पेशी एसटीने प्रवास करू शकत नाहीत, स्थिर केलेल्या स्लाईड करू शकतात. पण स्लाईड पाठवण्याआधी अर्ध्या तासाचं बोलणं व्हायला हवं, आणि त्या बोलण्याचं शुल्क असू नये. आय-स्टेमवर यंत्रांच्या यादीशेजारी सल्ल्याच्या वेळा देता येतील. त्या वेळी पलीकडे फोन उचलणारा कोणी असला पाहिजे, म्हणजे पुन्हा पदाच्याच प्रश्नाशी आपण येतो.

*आता हे सगळं एआय करेल.* मशीन लर्निंगने गोंगाटातून चित्र साफ करणाऱ्या आणि पेशींच्या कडा आखणाऱ्या पद्धती गेल्या काही वर्षांत खरोखर उपयोगी ठरल्या आहेत. पण त्या ज्या चित्रांवर शिकल्या, तसंच काहीतरी नव्या चित्रात शोधतात. फिकट, तुटक तंतू त्या आत्मविश्वासाने जोडून दाखवतात, पेशीत तो तुटलेला असला तरी. आणि औषधाने तंतू तुटतो का, हाच प्रयोगाचा प्रश्न असेल तर? अशा पद्धती वाढतील तशी, कोणत्या चित्रावर त्या वापरायच्या नाहीत हे सांगणाऱ्याची गरज वाढेल.

वापराचे तास हे चुकीचं माप

सुविधेचं मूल्यमापन आज कसं होतं, याबद्दल शेवटी लिहितो, कारण चांगली माणसं मिळाली तरी हे माप त्यांना हरवेल. वार्षिक अहवालात विचारलं जातं: यंत्र किती तास चाललं, किती वापरकर्ते आले, शुल्क किती जमलं. यंत्र पडून राहू नये ही भावना रास्त आहे. पण या मापाने गुण कोणाला मिळतात ते बघा. ज्या विद्यार्थिनीची चाचणी-स्लाईड बघून ‘आधी एकेका रंगाची स्लाईड करून आण’ म्हणत तिला परत पाठवलं, तिचे दहा तास अहवालातून गेले. मण्यांची तपासणी, लेसरची मोजणी, भिंगांची सफाई यांत गेलेली दर सोमवारची सकाळ ‘रिकामा वेळ’ म्हणून मोजली जाते. निष्काळजी केंद्राचा आलेख उंच दिसतो आणि काटेकोर केंद्राला खुलासा द्यावा लागतो.

हे बदलायला कायदा लागत नाही. निधी देणाऱ्या विभागांनी फॉर्म बदलला तरी सुरुवात होईल. सूक्ष्मदर्शकाच्या प्रस्तावात त्याच्या इमेजिंग वैज्ञानिकाचं मंजूर पद नसेल, तर प्रस्ताव विचारात घेऊ नये. तपासणीसाठी राखलेले तास वापराच्या तासांतच धरावेत. ज्याने प्रयोगाची आखणी बदलली, त्याचं नाव शोधनिबंधाच्या लेखकांत आलं का, हे विचारावं. नुसते आभार मोजू नयेत. किती मूळ फाईल्स सर्व्हरवर सुरक्षित आहेत आणि किती जणांना शिकवून स्वतंत्र केलं, याचे आकडे मागावेत. आणि ‘अजून यंत्रावर येऊ नका, आधी हा कंट्रोल करा’ असं वर्षभरात किती प्रयोगांना सांगितलं, तो आकडाही त्याच पानावर, शुल्काच्या रकमेच्या वर, छापला जावा.